परकें गवत

गवताला आपल्या भाषेंत फारशी प्रतिष्ठा नाहीं. गणपतीच्या मस्तकावर चढणारी दूर्वा आणि श्राद्धाच्या दिवशीं बोटांत शिरणारा दर्भ, हे दोन भाग्यवान् अपवाद सोडले, तर बाकीच्या गवताची आपण गुरांच्या दावणीकडे बोळवण करतों आणि मोकळे होतों. तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवून मींहि कधीं गवताकडे वांकून पाहिलें नव्हतें. पुढें एका गवतानेंच मला वांकविलें, त्याची ही हकीकत आहे.

ती थोडी मागून सांगितली पाहिजे. माझी एकुलती एक मुलगी शिक्षणासाठीं अमेरिकेंत गेली, आणि पांच वर्षांपूर्वीं तेथल्याच एका तरुणाशीं लग्न करण्याचा मनोदय तिनें आम्हांला कळविला. मी स्वतःला सुधारक समजत आलों होतों. आगरकरांचे निबंध माझ्या टेबलावर असतात. मिश्र विवाहावर मीं व्याख्यानेंहि दिलीं आहेत. परंतु व्याख्यान हें नेहमीं दुसऱ्यांच्या मुलींसाठीं असतें. स्वतःच्या मुलीची वेळ आली तेव्हां मीं अकरा पानांचें एक पत्र लिहिलें. त्यांत भाषा होती, संस्कार होते, इतिहास होता, पुढच्या पिढीची काळजी होती. निषेध असा शब्द त्यांत कोठेंच नव्हता, आणि निषेधाशिवाय दुसरें कांहींहि नव्हतें. त्या पत्राला उत्तर आलें नाहीं. लग्नाला माझी पत्नी एकटी गेली. त्यानंतर टेलिफोनवर मायलेकी बोलत आणि मी शेजारच्या खोलींत विद्यार्थ्यांचे पेपर तपाशीत बसें. पुढें नात झाली. ती चालूं लागली, बोलूं लागली. एके दिवशीं पत्नी म्हणाली, "येत्या ऑगस्टांत मी सहा महिने तिकडे जाणार आहें. तुम्ही येणार असाल तर दोन तिकिटें काढतें." वाद घालण्यासारखें त्या वाक्यांत तिनें कांहींच ठेवलें नव्हतें. मीं रजा काढली.

फ्रीमाँट हें मुलीचें गांव सॅन फ्रान्सिस्कोच्या आखाताच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. आपल्याकडचीं माणसें तेथें इतकीं कीं बाजारांत कारलीं आणि अळूचीं पानें मिळावींत याचें कोणाला नवल वाटत नाहीं. माझे जांवई वनस्पतिशास्त्राचे पदवीधर. त्यांचे पणजोबा अझोर्स बेटांवरून येऊन या भागांत स्थायिक झालेले, म्हणजे मूळचे पोर्तुगीज. ज्या पोर्तुगीजांना चिमाजी आप्पांनीं १७३९ सालीं वसईहून घालविलें, त्यांच्यांतलाच एक माझ्या घरांत बिनतोफेचा शिरला, असा एक विनोद मीं प्रवासांत मनाशीं तयार करून ठेवला होता. तो सांगण्याचा प्रसंग सुदैवानें आला नाहीं. हे जांवई मला 'बाबा' म्हणत. त्यांचा उच्चार निराळा होता, पण हांक मारण्यांत संकोच नव्हता. त्यांचा व्यवसाय कोणता, असें मीं पहिल्याच दिवशीं विचारलें. ते म्हणाले, "गवत काढणें."

ही नम्रता नव्हती. तें अक्षरशः खरें होतें. आखाताच्या कांठच्या खाजणांत पसरलेलें एक परकें गवत हुडकून नाहींसें करणें, हेंच काम ते दहा वर्षें करीत होते.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं त्यांनीं मला तें गवत दाखविण्यास नेलें. घरापासून थोड्या अंतरावर ॲलामेडा क्रीकचा पूर वाहून नेणारा रुंद कालवा आहे. त्याच्या बांधावरून पश्चिमेकडे चालूं लागलें म्हणजे डाव्या हाताला उन्हानें सोनेरी झालेल्या कायोटी हिल्सच्या टेकड्या लागतात, त्यापलीकडे जुनीं मिठागरें, आणि शेवटीं आखाताचें करडें पाणी. माझा जन्म रायगड जिल्ह्याच्या खारेपाटांतला. उधाणाच्या रात्रीं हातांत कंदील घेऊन बांधाला कोठें खांड पडली आहे काय हें पाहणारे माझे वडील मला आठवतात. समुद्राला बाहेर ठेवणें हा आमच्या गांवचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग होता. येथें मात्र उलट प्रकार. मिठासाठीं आणि इमारतींसाठीं बांध घालून लोकांनीं या आखातांतलीं बहुतेक खाजणें गेल्या दीड शतकांत नाहींशीं केलीं, आणि आतां २००३ सालीं विकत घेतलेल्या सुमारें पंधरा हजार एकर मिठागरांचे बांध एकेक करून उघडून समुद्राला परत आंत बोलावलें जात आहे. माझ्या वडिलांना हें सांगितलें असतें, तर त्यांनीं त्या लोकांच्या डोक्याविषयीं शंका घेतली असती.

गवताचें नांव स्पार्टिना. मूळचें तें अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचें. १९७३ च्या सुमारास लष्कराच्या अभियंत्यांनीं याच कालव्याच्या परिसरांत, नवें खाजण उभें करावें अशा सद्धेतूनें तें लाविलें. या आखातांत त्याचें एक देशी भावंड पूर्वींपासून होतें. ठेंगणें, विरळ, आणि चिखलाच्या वरच्या अंगालाच राहणारें. दोघांचा संकर झाला. हें संकरज गवत पुरुषभर उंच वाढतें, भिंतीसारखें दाट होतें, आणि देशी गवत जेथें पाऊल टाकीत नाहीं अशा खोल चिखलांतहि उतरतें. त्याचे परागकण इतके विपुल असतात कीं देशी गवताच्या फुलांवरहि तेच पडतात, आणि देशी गवताच्या पोटींहि संकरज बीं येतें. त्याच्या ताटांत भरतीचें पाणी शिरलें म्हणजे त्याचा वेग मंदावतो, गाळ खालीं बसतो, जमीन चढते, पुराचे कालवे अरुंद होतात. आणि जेथें ओहोटीला उघडा चिखल लखलखत असे, तेथें पाहतां पाहतां कुरण होतें.

या मोहिमेला २००० सालीं राज्याच्या किनारा-संरक्षण विभागानें आरंभ केला. २००५ च्या सुमारास गवतानें निव्वळ आठशें एकरांच्या आसपास जागा व्यापली होती. ओहोटीच्या वेळीं होडींतून, कधीं हेलिकॉप्टरमधून, तर कधीं पाठीवर पंप घेऊन चिखलांतून चालत औषध फवारून आज तें नव्वद टक्क्यांहून अधिक कमी झालें आहे. उरलेलें थोडेंच, पण तेंच कठीण.

मला विषय गोड वाटूं लागला. प्राध्यापकाला एखादा विषय गोड वाटला म्हणजे तो त्याचें वाचन करतो, आणि वाचन केलें म्हणजे तो जेवतांना बोलतो. या गवताचा इतिहास जगभर पसरलेला आहे. वायव्येकडील विलापा उपसागरांत तें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्वेकडून आणलेल्या कालवांच्या खोक्यांबरोबर पोहोंचलें. इंग्लंडांत साउदॅम्प्टनच्या खाडींत तें जहाजांबरोबर येऊन तेथल्या देशी जातीशीं मिसळलें. तेथला संकर १८७० सालीं हाइथ येथें प्रथम सांपडला. तो आरंभीं वांझ होता, पण पुढें त्याचीं गुणसूत्रें दुप्पट होऊन एक नवी फलद्रूप जात जन्मास आली, आणि समुद्र हटविण्यासाठीं लोकांनीं ती हौसेनें देशोदेशीं नेली. चीननें १९७९ सालीं पूर्व अमेरिकेचें गवत किनारा राखण्यासाठीं आणलें, आणि २०२२ सालीं त्याच सरकारला तें उखडण्याची देशव्यापी मोहीम हातीं घ्यावी लागली.

एका रात्रीं जेवणाच्या टेबलावर हें सारें सांगून झाल्यावर मी मराठींत म्हणालों, "म्हणजे संकर हा निसर्गालाहि मानवत नाहीं म्हणावयाचा!"

जांवयांना कळूं नये म्हणून मराठींत बोललों, अशी मीं मागाहून स्वतःची समजूत घातली. खरें सांगावयाचें तर तें वाक्य त्यांच्यासाठीं नव्हतेंच. पांच वर्षांपूर्वींच्या अकरा पानांना निसर्गाची साक्ष मिळाली, हें मला मुलीला ऐकवावयाचें होतें.

ती नातीला दहीभात भरवीत होती. तिनें चमचा खालीं ठेवला आणि अगदीं हळू आवाजांत म्हणाली, "बाबा, ती इथं बसली आहे."

मग तिनें मुलीला उचललें आणि ती आंत गेली. पत्नीनें माझ्याकडे न पाहतां ताटें उचललीं. जांवई क्षणभर बसून राहिले, आणि मग उठून त्यांनीं टेबल पुसलें. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. तीन वर्षांची ती पोर मला 'आजोबा' म्हणतांना 'ज' चा उच्चार इंग्रजी करी, आणि मी तिला तो चारचौघांत सुधारून देत असें, हेंहि मला त्याच रात्रीं आठवलें.

त्या आठवड्यांत मुलगी माझ्याशीं कामापुरतें बोलली. शनिवारीं रात्रीं जांवई म्हणाले, "बाबा, उद्यां माझ्याबरोबर येतां का? मला एक जोडीदार हवा आहे." माझ्यासारख्या जोडीदाराचा त्यांना काय उपयोग होता तें उघड होतें; तरी मी गेलों.

गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून आम्ही चिखलांत उतरलों. त्यांनीं मला पांच हातांच्या अंतरावर उभे असलेले गवताचे दोन झुबके दाखविले आणि विचारलें, "यांतला परका कोणता?" इतकें वाचन झाल्यावर मला संशय कसला? उजवीकडचा झुबका उंच आणि जाड होता. मीं त्याच्याकडे बोट दाखविलें. "आणि हा?" "हा देशी," मीं सांगितलें. त्यांनीं दोहोंचें एकेक पान कापून कागदी पाकिटांत घातलें आणि त्यांवर आंकडे लिहिले. "हीं प्रयोगशाळेंत जातील," ते म्हणाले. "संकर झालेलें गवत पुन्हां पुन्हां देशी गवताशीं मिसळत गेलें म्हणजे तें हुबेहूब देशी दिसतें. आम्हांलाहि नुसत्या डोळ्यांनीं कळत नाहीं. जनुकें तपासल्याखेरीज आम्ही त्याला हात लावीत नाहीं."

निकाल कांहीं आठवड्यांनीं आला. माझीं दोन्हीं उत्तरें चुकलीं होतीं.

परंतु त्या सकाळीं मला अजून माझ्या ज्ञानाचा भरंवसा होता. मीं विचारलें, "या गवताचा एवढा अपराध तरी कोणता? परकें असणें कीं मिसळणें?"

ते पंपाच्या दांड्यावर हात टेंकून थोडा वेळ उभे राहिले. मग ते जें बोलले तें मी माझ्या शब्दांत देतों. "अपराध गवताचा नाहीं. त्याच्या स्वतःच्या किनाऱ्यावर हें गवत म्हणजे खाजणाचा प्राण आहे. लुइझियानांत किनारा खचूं नये म्हणून तें मुद्दाम लावतात. येथें त्याला माणसानें आणलें. परकें म्हणून म्हणाल, तर या टेकड्यांवरचें निम्मेंअधिक गवत परकेंच आहे, आणि मीहि परकाच. येथले मूळचे लोक ओलोनी. त्यांच्या जुन्या वस्तीची जागा या टेकड्यांच्या पायथ्याशीं आहे. देशी जात संकरांत पुसली जाईल ही भीति खरी आहे. पण मला विचाराल तर मुख्य अडचण ही." त्यांनीं समोर हात केला. ओहोटी लागली होती. पाण्याखालून चिखल उघडा पडत होता, आणि उत्तरेकडून नुकतेच परतलेले तुतवार आणि चिखल्ये त्यांत शेंकड्यांनीं चोंची खुपसून चालले होते. "हा मोकळा चिखल दिसतो रिकामा, पण आखाताचें अर्धें जेवण येथें आहे. किडे, शिंपले, खेकडे. लाखों पक्षी यावर जगतात. हें गवत जातें तेथें मोकळें असें कांहीं ठेवीत नाहीं. सगळें भरून टाकतें. आणि भरतांना तें फार हिरवें दिसतें."

चालतां चालतां ते पुन्हां वळले आणि हंसून म्हणाले, "हें गवताचें शास्त्र आहे, बाबा. माणसांचें नव्हे."

म्हणजे माझें वाक्य त्यांना त्याच रात्रीं कळलें होतें. लग्नानंतर त्यांनीं मराठी किती शिकलें आहे याची चौकशी मीं कधीं केली नव्हती.

परत येतांना त्यांनीं मला आणखी एक गोष्ट सांगितली. तिनें माझ्या उरल्यासुरल्या सिद्धांताचेंहि वाटोळें केलें. या खाजणांत पाणकोंबडीच्या कुळांतला एक लाजाळू पक्षी राहतो. त्याला पूर्वीं क्लॅपर रेल म्हणत. २०१४ पासून त्याचें नांव रिज्वेज रेल. येथली त्याची जात इतकी थोडी उरली आहे कीं १९७० पासून कायद्यानें तिला संरक्षण आहे. खाजणें गेल्यावर या निराश्रित पक्ष्यानें आसरा कोठें घ्यावा? या संकरज गवताच्या दाट ताटांत! गवत मारलें, तशी कांहीं खाजणांतून पक्ष्यांची संख्याहि उतरली. तेव्हां २०११ सालीं कांहीं ठिकाणीं फवारणी थांबवावी लागली. पक्षी वांचवावा तर गवत राहतें, गवत काढावें तर पक्षी जातो. यांतून निघालेली वाट अगदीं साधी आणि अतिशय सावकाश आहे. आधीं देशी गवत आणि उंच खोडांचीं गमप्लँटचीं झुडुपें लावावयाचीं. ओकलंडजवळील ॲरोहेड खाजणांत तर उधाणांत पक्ष्यांना बसतां यावें म्हणून तरंगतीं कृत्रिम बेटें करून सोडलीं होतीं. आसऱ्याची दुसरी सोय झाली कीं मग पहिली काढावयाची. "उपटणें हें एका दिवसाचें काम," जांवई म्हणाले, "पण त्या जागीं काय ठेवणार, याचें उत्तर आधीं तयार असावें लागतें." मीं पांच वर्षांपूर्वीं कांहीं तरी उपटूं पाहिलें होतें. त्या जागीं ठेवावयास माझ्याजवळ काय होतें, याचा विचार मी बांधावरून घरीं येईपर्यंत करीत होतों. कांहींच नव्हतें.

लागवड हिंवाळ्यांत होते. डिसेंबरांतल्या एका रविवारीं आम्ही सारींच गेलों. हौशी मंडळींच्या रांगा चिखलाच्या कांठीं बसल्या होत्या. मुलगी खड्डा करी, मी रोप ठेवीं, आणि नात दोन्हीं हातांनीं चिखल लोटून तें उभें करी. बऱ्याच वेळानें, नात आजीकडे पळाली तेव्हां, मीं खालीं पाहूनच विचारलें, "माझें तें पत्र... फाडून टाकलेंस?"

"नाहीं. आहे."

"उत्तर कां नाहीं दिलेंस?"

तिनें खुरपें पुसलें. "बाबा, अकरा पानं होतीं. मी तीन वेळा बसले उत्तर लिहायला. प्रत्येक वेळीं मला जें म्हणायचं होतं, तें तुम्हीं आधींच लिहून त्याचं खंडन करून ठेवलं होतं. माझ्यासाठीं त्यांत जागाच नव्हती."

ती हें रागानें बोलली नाहीं. रागानें बोलली असती तर मला सोपें गेलें असतें. समोर ओहोटी लागलेली होती. मोकळ्या चिखलावर पक्षी चरत होते; आणि माझ्या मनांत जें आलें, तें वाचकांच्याहि मनांत आलेंच असेल. तीस वर्षें वर्गांत आणि पंचवीस वर्षें घरांत मी बोलत आलों होतों. उत्तम बोलत असें, हिरवेंगार बोलत असें. त्या बोलण्यांत दुसऱ्यानें चोंच बुडवावी अशी वीतभर उघडी जागा मीं कधीं ठेवली होती काय?

"माझं चुकलं," मी म्हणालों. आणखी पुष्कळ सांगावेंसें वाटलें. परंतु तेवढ्यावर थांबलों. तिनें पुढचा खड्डा केला आणि म्हणाली, "रोप जरा सरळ धरा."

जानेवारींत, आमच्या निघण्याच्या आधीं, वर्षांतलें मोठें उधाण आलें. पाणी चढत चढत सारें खाजण बुडालें. वर राहिले ते फक्त गमप्लँटचे शेंडे. बांधावर आम्ही सहाएक माणसें गप्प उभीं होतों. एकाएकी नातीनें माझें बोट ओढलें आणि मोठ्यानें कुजबुजली, "आजोबा, कोंबडी!" एका झुडुपाच्या शेंड्यांत पिंगट छातीचा, लांब चोंचीचा, भिजलेला एक पक्षी अंग चोरून बसला होता. पाणी उतरेपर्यंत तो हलला नाहीं, आणि आम्हीहि हललों नाहीं. त्या दिवशींहि तिनें 'ज' इंग्रजीच उच्चारला. मला तो ऐकूं आला इतकेंच.

आतां मी परत माझ्या टेबलापाशीं आहें. मुलीला पत्र लिहिण्याचा परिपाठ मीं पुन्हां सुरूं केला आहे. टेलिफोन असतांहि लिहितों. मात्र अर्धें पान झालें कीं लेखणी खालीं ठेवतों. हें मला अतिशय जड जातें. सांगावयाच्या गोष्टी दारांत दाटी करून उभ्या राहतात. पण उरलेलें अर्धें पान तसेंच कोरें जातें.

परवां तिकडून एक पाकीट आलें. आंत माझेंच मागील पत्र होतें. खालच्या कोऱ्या भागावर मुलीच्या हातच्या चार ओळी होत्या, आणि त्यांच्याखालीं नातीनें पेन्सिलीनें काढलेला एक पक्षी. त्याची चोंच अंगापेक्षांहि लांब होती. तिच्यांत बहुधा किडा असावा.